दसऱ्यापर्यंत पंचवीस

सोमवार, २४ ऑगस्ट १९५३

सतरा. खिडकीतून दोनदा मोजली. शनिवारी एकोणीस होती. जूनमध्ये बावीस.

ही डायरी माझ्या मुलाची, प्रभाकरची. ५१ सालची. ऑफिसातून मिळाली, चार पानं लिहिली आणि त्याच वर्षी टायफॉइडनं गेला. बाकी कोरी. छापलेला वार जुळत नाही, तो खोडते आणि खरा लिहिते. माझं शिक्षण मराठी तिसरी. अक्षर वेडंवाकडं, पण वाचायचंय कुणाला? बोलायला माणूस नाही म्हणून लिहायचं. कागद निदान मध्येच उठून जात नाही.

पोरं मोजायचं कारण. आठवीच्या आत शाळेच्या वेळात इंग्रजी शिकवायचं नाही असा सरकारचा नियम. म्हणून शाळा भरण्याआधी, सकाळी सातला, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात पाचवी ते सातवीच्या पोरांचा वर्ग. ज्याला यायचं त्यानं यावं. शिकवते मंदाकिनी — माझी सून. देवळाची भिंत आणि आमच्या खोलीची खिडकी यांत दोन हात अंतर. सगळं ऐकू येतं.

शाळा कमिटीचे त्र्यंबकराव जूनमध्येच सांगून गेले, ‘‘दसऱ्यापर्यंत पटावर पंचवीस दिसली तर वर्ग ठेवू. नाहीतर बंद.’’ हिला शाळेत घेतलं ते या वर्गासाठीच; वर्ग बंद म्हणजे हिची नोकरी बंद. मग ती सांगलीला भावाच्या घरी, आणि मी नागपूरला माझी मुलगी उत्तरा हिच्याकडे, जावयाच्या ताटाखाली. दोघींचं मिळून घर एवढंच — ही एक खोली.

बुधवार, २६ ऑगस्ट

सोळा.

रोज तेच. हिचा आवाज — ‘‘गुड मॉर्निंग. सिट डाऊन. ओपन युवर बुक्स.’’ मग पोरं आरती म्हटल्यासारखी ओरडतात. अर्ध्या तासानं जांभया. मारुतीलासुद्धा पाठ झालं असेल.

जेवताना म्हटलं, ‘‘पाहुणा दारात आला की लगेच पान मांडतेस का? आधी पाणी विचारतेस. बस म्हणतेस. गाडीला गर्दी होती का विचारतेस. तू त्या पोरांना आल्या आल्या पुस्तक वाढतेस!’’

तिनं ताक घेतलं. दोन वर्षांत आमचं बोलणं मीठ, दळण आणि ‘येते हं’ एवढ्यावर चाललंय. भांडण नाही. भांडायलाही काहीतरी लागतं.

शनिवार, २९ ऑगस्ट

माझं ऐकलं वाटतं! आज पुस्तक नाही. ‘‘काल रात्री काय जेवलात ते एकेकानं इंग्रजीत सांगा.’’

पहिला — राईस. दुसरा — राईस. सातवाही राईस. सोळा पोरांत पंधरा राईस. शेजारच्या कोपर गावाहून येणारी कलावती म्हणून एक आगऱ्यांची पोर आहे, सातवीतली, खांबाला टेकून बसते. ती उभी राहून खणखणीत म्हणाली, ‘‘फिश!’’ मारुतीच्या समोर! पुजाऱ्यानं घंटा दोनदा वाजवली.

मी खिडकीत तोंडाला पदर लावून हसले. हसू आलं आणि मग चमत्कारिक वाटलं. सवय गेली.

सोमवार, ३१ ऑगस्ट

आज हिनं गाण्यानं सुरुवात केली. पोरांना लाज वाटली. सातवीतले मुलगे मिशा फुटायच्या बेतात, ते कशाला टाळ्या वाजवतील! चौदा.

दुपारी पडल्या पडल्या हादगा आठवला. माहेरी आम्ही सोळा दिवस फेर धरायचो, पण खरं सांगायचं तर गाण्यांसाठी कुणी येत नसे. यायच्या त्या खिरापतीसाठी. डबा झाकलेला. ज्या घरची खिरापत ती डबा कानाशी हलवून दाखवणार, ओळखेपर्यंत उघडणार नाही. गोड का? तिखट का? गोल का? ओल्या नारळाचं का? — चिंचेखाली नुसता गलका. माझी आई मुद्दाम ओळखू न येईल असं करायची. एकदा पडवळाच्या बियांची चटणी केली. दोन दिवस पोरी आमच्या दारात!

उठून खोबरं खवलं.

मंगळवार, १ सप्टेंबर

पितळी डबा हिच्या हातात दिला. म्हटलं, ‘‘उघडू नकोस. काय आहे ते तुलाही सांगणार नाही. जे पोर सगळ्यांत आधी येईल त्यानं एकट्यानं आत बघायचं. बाकीच्यांनी त्याला विचारायचं — इंग्रजीत. तूही त्यांच्यात बसून विचार. त्यानं नुसतं हो किंवा नाही म्हणायचं. ओळखलं की मग तुझं पुस्तक.’’

‘‘सासूबाई, हा हादगा नाही.’’

‘‘नाहीच. हादग्याला पोरी धावत येतात.’’

घेऊन गेली. तोंड लहान करून, पण गेली.

आणि काय गोंधळ! इज इट स्वीट? येस! इज इट व्हाइट? येस! इज इट राऊंड? नो! मंदाकिनीचा आवाज त्यांच्यात मिसळलेला, मला आधी ओळखूच आला नाही. नारळाच्या वड्या. एकेक तुकडा वाटला. मग पुस्तक उघडलं तेव्हा जांभई नाही.

गुरुवार, ३ सप्टेंबर

एकोणीस! सातचा वर्ग, साडेसहाला तीन पोरं दारात उभी. आधी येणाऱ्याला डबा बघायला मिळतो ना.

आज करंजी होती. जेवताना ही म्हणाली, ‘‘करंजीला इंग्रजीत शब्दच नाही.’’

‘‘मग साहेब इतकी वर्षं इथं राहून खात काय होता?’’

हसली! दात दिसले. मग म्हणाली, ‘‘शब्द नाही ते बरंच झालं. नाव ठाऊक असतं तर एका प्रश्नात संपलं असतं. आता पोरांनी बावीस प्रश्न विचारले. आत पोकळ आहे का, तळलंय का, चंद्रासारखं आहे का. चंद्राचा शब्द त्यांनी आपणहून पुस्तकात शोधला.’’

एवढं लांब वाक्य ती माझ्याशी दोन वर्षांनी बोलली.

बुधवार, ९ सप्टेंबर

चोवीस. शंकरपाळे. काल वाटली डाळ, परवा लाह्यांचा चिवडा. एकदा केलेलं पुन्हा करायचं नाही हा नियम मी पाळते.

कलावती भल्या पहाटे कोपरहून बांधावरनं चालत निघते म्हणे. चिखलानं पोटऱ्या माखलेल्या. खिडकीशी येऊन हळूच विचारते, ‘‘आजी, आज काय हाय डब्यान?’’

‘‘तुझं डोकं हाय.’’

‘‘मंग हलका असंल!’’ म्हणून पळाली. जीभ चांगली आहे पोरीची. ती इंग्रजीला उपयोगी पडेल.

बुधवार, १६ सप्टेंबर

अठ्ठावीस. आणि त्र्यंबकराव आले.

खुर्ची नाही, तरी खुर्ची शोधल्यासारखं इकडेतिकडे बघतात. ‘‘आजी, खाऊ देऊन पोरं जमवायची, हे काही शिक्षण नव्हे. शिवाय देवळाची जागा. एकाच डब्यात सगळ्यांचे हात. कोपरची पोरंही त्यात.’’

मी म्हटलं, ‘‘तुमच्या चिरंजीवांचा हात काल दोनदा होता. मी मोजते.’’

कानशिलं लाल झाली. पण हुकूम तो हुकूम. खाण्याचं बंद.

सोवळं मीही पाळते. माझं आलवण वेगळं वाळतं, माझं पाणी वेगळं. पण डबा घराबाहेर गेला की तो पोरांचा. माझ्या आईच्या चिंचेखालीही कोण कुठली पोरगी, कधी विचारलं नव्हतं.

मंदाकिनी हात धुऊन तशीच उभी. ‘‘आता?’’

‘‘आता काय! खाऊ नको म्हणाले. डबा नको म्हणाले नाहीत.’’

गुरुवार, १७ सप्टेंबर

अडकित्ता घातला.

पंधरा मिनिटं लागली! इज इट ए नाइफ? नो. इज इट ए बर्ड? — एकजण म्हणाला, डबा हलवल्यावर चोच वाजल्यासारखं वाजलं म्हणून. खायला काही नाही म्हणून दोघं रुसून गेली. सव्वीस. अजून एक जास्तच आहे!

गुरुवार, २४ सप्टेंबर

एकतीस.

आठवडाभरात घातलेलं — लाटणं बसलं नाही, म्हणून वाती वळायची चकती. जात्याचा खुंटा. पंचपात्रीतली पळी. गंजलेलं कुलूप. खुळखुळा, उत्तरेच्या लहानपणचा. आणि माझी फणी. हस्तिदंती, लग्नातली. अठ्ठावीस वर्षं फडताळात पडून होती. डोक्यावर केस नाहीत तिला फणी काय करायची? पोरांनी हाताळली, वास घेतला. एक पोरगी म्हणाली, ‘‘इट इज ब्यूटिफुल.’’ मंदाकिनीनं घरी येऊन अर्थ सांगितला. म्हटलं, मला कळलं. आवाजावरून कळलं.

आता संध्याकाळी ही स्वतःहून बोलते. कुणी काय विचारलं, कोण चुकलं. मी चुली-पाण्यात लक्ष असल्यासारखं करते. नाहीतर थांबेल.

मंगळवार, २९ सप्टेंबर

घरातलं सगळं संपलं. एका खोलीत असून असून किती असणार! पोरं आवाजावरून ओळखायला लागलीत — ‘‘बाई, हे परवाचं कुलूप!’’

राहिली एकच ट्रंक. प्रभाकरची. दोन वर्षं तिला ना मी हात लावला ना तिनं. वर गाद्या रचून ठेवल्यात.

आज गाद्या उतरवल्या.

बुधवार, ३० सप्टेंबर

लिहून टाकते. नाहीतर उद्या मी मलाच वेगळं सांगेन.

चष्मा घातला डब्यात. प्रभाकरचा. नवीन काही नव्हतं म्हणून घातला, असं कुणी विचारलं तर सांगणार होते. पण ते खरं नाही. त्याचं नाव या घरात कुणी घेत नाही. ती घेत नाही, मी घेत नाही. मला वाटलं, निदान त्याच्या वस्तूबद्दल कुणीतरी काहीतरी विचारेल. हो किंवा नाही एवढं तरी.

कलावती पहिली आली होती. तिनं बघितलं. बाकीची विचारायला लागली. इज इट ग्लास? येस. इज इट ओल्ड? येस. मंदाकिनीनंही विचारलं, हसत — इज इट फॉर द आइज? येस, येस! पोरं नाचली. कलावतीनं चष्मा काढून वर धरला.

एका काडीला काळा दोरा गुंडाळलेला. तो हिनंच गुंडाळला होता, काडी मोडली तेव्हा.

मी भिंतीला हात लावून उभी. मग कुणा पोरानं विचारलं, त्याला काय माहीत! — ‘‘बाई, हूज इज इट?’’

आणि ही म्हणाली, ‘‘प्रभाकर’स.’’

नाव घेतलं! लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. चारचौघांत नवऱ्याचं नाव, मोठ्यानं, परक्या भाषेत.

‘‘इट इज प्रभाकर’स,’’ पुन्हा म्हणाली. आणि पुस्तक उघडायला सांगितलं. वेळ पूर्ण होईपर्यंत शिकवलं.

घरी आली, चष्मा पदराला पुसून ट्रंकेत ठेवला, गाद्या परत रचल्या. जेवली नाही.

गुरुवार, १ ऑक्टोबर

बावीस.

शुक्रवार, २ ऑक्टोबर

वर्ग नाही. सुटी.

शेजारच्या कमळाबाई दारात. त्यांची दोन नातवंडं वर्गात होती. ‘‘पितृपक्ष चाललाय, आणि गेलेल्या माणसाचा चष्मा पोरांच्या हातात! आजी, तुम्ही जुन्या माणूस, तुम्हाला कळू नये? धाकट्याला रात्री ताप आला.’’

‘‘त्याला ताप पेरूंचा आला. आठ खाल्ले त्यानं, मी बघितले.’’

पण पितृपक्ष मी विसरले हे खरं. तिथ्या मला तोंडपाठ. पंचांग खिळ्याला समोर टांगलेलं. आणि विसरले.

शनिवार, ३ ऑक्टोबर

बारा.

मंदाकिनी एकच वाक्य बोलली. ‘‘तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं.’’

डबा कुणालाच सांगायचा नसतो, असं ओठावर आलं होतं. म्हटलं, ‘‘हो.’’

पुन्हा मीठ आणि दळण.

सोमवार, ५ ऑक्टोबर

आज मी घरोघर गेले. लाल आलवणातली म्हातारी सकाळी सकाळी दारात, तेही एक अपशकुनच! पण गेले. ‘‘चूक माझी. बाईंना ठाऊक नव्हतं. पोरांना पाठवा.’’ आयुष्यात इतक्यांदा ‘चूक माझी’ म्हटलं नव्हतं. दात दुखले.

कुणी म्हणालं, सर्वपित्री झाल्यावर बघू. कुणी म्हणालं, आठवीत शिकेलच की. एकीनं पाणीही विचारलं नाही.

शेवटी कोपरला गेले. बांधावर दोनदा बसले. कलावतीची आई मिठागरावरून आलेली, पायांना भेगा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘आमचे पोरीला काय नाय झाला, बाय. ती घरान चष्म्याचीच गोष्ट सांगते. ती येल.’’

बसायला घोंगडी दिली. बसले. इतकी वर्षं मी आगऱ्यांच्या घरात बसले नव्हते. पाणी मात्र घेतलं नाही. तेवढं माझ्याच्यानं झालं नाही. तिनं आग्रहही केला नाही, आणि त्याचंच मला परत येताना वाटत राहिलं.

बुधवार, ७ ऑक्टोबर

नऊ.

डबा जात नाही. ‘‘गुड मॉर्निंग. सिट डाऊन. ओपन युवर बुक्स.’’

शनिवार, १० ऑक्टोबर

त्र्यंबकराव आले. मंदाकिनी शाळेत होती. ‘‘दसऱ्याला आठवडा राहिला, आजी. नऊवरून पंचवीस काही होत नाहीत. सोमवारपासून वर्ग बंद. मलाही बरं वाटत नाही.’’

मी म्हटलं, ‘‘चष्मा मी घातला. शिक्षा तिला. सून सांगलीला गेली की तुम्हाला बरं वाटेल का?’’

ते गडबडले. ‘‘सांगलीला? सांगलीला कशाला? नौपाड्यातली मुलींची शाळा आहे ना!’’

‘‘कुठली शाळा?’’

‘‘अहो, जूनमध्येच बोलावलं होतं त्यांनी मंदाकिनीबाईंना. कायमची जागा. शाळेच्या मागे दोन खोल्याही देत होते. परवा पुन्हा पत्र आलं, दिवाळीनंतर जागा आहे, आठ दिवसांत कळवा म्हणून. मी म्हटलं त्यांना, जा. त्या म्हणाल्या — सासूबाई ही खोली सोडायच्या नाहीत, आणि त्यांना एकटं ठेवून मी जायची नाही. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे.’’

मी म्हटलं, ‘‘चहा घेता?’’



ते गेल्यावर बसून राहिले. मी तसं बोलले होते खरं. तेराव्याला. माझा मुलगा या खोलीतून गेला, मीही इथूनच जाईन, चौघांच्या खांद्यावर, असं सगळ्या नातेवाइकांसमोर. बोलायचं म्हणून बोलले होते. दुसऱ्या दिवशी विसरलेही. ती विसरली नाही.

सगळा श्रावण-भाद्रपद मी खिडकीत उभी राहून पोरं मोजत होते. हिची नोकरी राहावी म्हणून. हिला भावाच्या दारात जावं लागू नये म्हणून. आणि ती चौदा पोरांपुढे, नऊ पोरांपुढे रोज उभी राहत होती ती —

पुढचं लिहीत नाही.

कलावती जूनमध्ये आठवीत जाईल. तिथं शाळेच्या वेळात इंग्रजी आहे. तेवढं एक बरं.

संध्याकाळी मंदाकिनी आली. वर्ग बंद झाल्याचं तिनं सांगितलं. नौपाड्याचं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. भात वाढला. तिनं मीठ मागितलं.

रविवार, ११ ऑक्टोबर

सकाळी घरमालक महिपत पाटलांकडे जाऊन आले. सांगितलं, दिवाळी झाली की खोली सोडतो. दोघी. नौपाड्याला जातोय.

पाटील म्हणाले, ‘‘सूनबाईंना विचारलंत काय?’’

म्हटलं, ‘‘नाही. तिनंही जूनमध्ये मला विचारलं नव्हतं.’’